बेघरांचा हिवाळा आणि विद्यार्थ्यांची सेवा

वैशाखात थंडीविषयी बोलणारा माणूस जरा विचित्रच वाटावयाचा. गोदावरीवरचा सायंकाळचा वारा अंगावर घ्यावा म्हणून आपण घराबाहेर पडतो आणि व्याख्यान हे त्याचे निमित्त असते, असे आपल्यापैकी पुष्कळांचे आहे, माझेही होते. पण हा विषय मी मुद्दाम उन्हाळ्यात काढीत आहे. छत्री पावसाच्या आधी दुरुस्त करावी लागते, तशी थंडीची व्यवस्था थंडीच्या आधी लावावी लागते. डिसेंबरात कुडकुडणारा माणूस पाहून ज्याला पाझर फुटतो, त्याच्या हाती तेव्हा एक चादर देण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते.

दुसरे कारण या जागेचे आहे. आपली व्याख्यानमाला ज्यांच्या नावाच्या पटांगणावर भरते ते यशवंतराव महाराज सरकारी नोकर होते. सटाण्याला मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरी भुकेल्या लोकांसाठी उघडली. पुढे तपासणी झाली तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, असे श्रद्धाळू लोक सांगतात. मला विचाराल तर ती भरलेली निघाली यापेक्षा त्यांनी ती उघडली, ही गोष्ट मोठी. अशा पुरुषाच्या नावाच्या पटांगणाभोवती, रामकुंडाच्या आसपास, घाटाच्या पायऱ्यांवर आणि देवळांच्या ओट्यांवर हिवाळ्यात माणसे उघड्यावर निजतात. मे महिन्यात ज्या फरशीवर बसून आपण ज्ञान घेतो, तीच फरशी जानेवारीत कोणाची तरी गादी असते.

मी शिकलेला माणूस नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्री-पंडितांचे विवेचन माझ्याकडून होणार नाही. जे पाहिले, जे वाचले आणि जिथे चुकलो, ते सांगतो.

थंडी माणसाला कशी मारते

आपली एक समजूत अशी की थंडीने माणूस मरतो तो काश्मिरात. नाशिकची थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी आणि द्राक्षबागाईतदाराची काळजी. निफाडला डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली उतरला, तेव्हा द्राक्षे तडकतील म्हणून वर्तमानपत्रांनी चिंता केली, आणि ती योग्यच होती. बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवितात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्री पुठ्ठ्यावर निजलेल्या माणसाचे काय होत होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया म्हणते. यासाठी पाणी गोठावे लागत नाही. बाहेर ८-१० अंश असले, माणूस वयस्क असला, पोट रिकामे असले, कपडे दवाने ओले झाले आणि वारा सुटला, तर नाशिकच्या साध्या रात्रीतही हे घडू शकते. आरंभी माणूस थरथरतो. ही थरथर म्हणजे शरीराने स्वतः पेटविलेली शेगडी. ती पेटती ठेवावयास जळण, म्हणजे अन्न, लागते. उपाशी माणसाची शेगडी लवकर विझते. थरथर थांबली की पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले, म्हाताऱ्याला झोप लागली. वास्तविक धोका तेव्हा वाढलेला असतो. बोलणे अडखळते, पाय लटपटतात, शुद्ध हरपते. आणि येणारा-जाणारा 'दारू प्यालाय' म्हणून पुढे जातो.

दारूचेही सांगितले पाहिजे. दारूने ऊब येते असे वाटते, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण त्याच वाटेने आतली ऊब बाहेर निघून जाते. म्हणजे थंडीसाठी घेतलेला घोट थंडीचेच काम करतो. हे मी नीती म्हणून सांगत नाही, यंत्राचे कार्य म्हणून सांगतो.

आणखी एक गोष्ट आपणांस ठाऊक नसते. अंगावर काय घातले याइतकेच, किंबहुना कधी त्याहून अधिक, महत्त्व अंगाखाली काय आहे याला असते. फरशी आणि सिमेंट रात्रभर शरीरातील ऊब शोषीत राहतात. अंगाच्या वजनाने खालचे पांघरूण दबून पातळ होते आणि त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून जाड पुठ्ठे, गोणपाट, जुनी सतरंजी यांचे दोन-तीन थर खाली घालावेत आणि मग वरच्या घोंगडीचा विचार करावा. डोके व कान झाकावेत. गारठून शुद्ध हरपत चाललेला माणूस दिसला तर ओले कपडे काढून कोरडे घालावेत. छाती, मान आणि पोट आधी उबेत घ्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. शुद्धीवर असेल तरच गरम गोड चहा द्यावा. आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये. त्या धुराने गुपचूप मृत्यू येतो.

रस्त्यावर निजणारा कोण?

रस्त्यावर निजतो तो भिकारी, वेडा किंवा व्यसनी, असे आपण धरून चालतो. यांतले लोक तेथे आहेत आणि त्यांनाही थंडी वाजते. पण तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर मी खात्रीने सांगतो की त्या रांगेत कामकरी माणूस मोठ्या संख्येने आहे. खानावळीत भांडी घासणारा पोरगा, लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून जाणारा, हातगाडी ओढणारा, भंगार वेचणारी बाई, रात्रपाळीचा चौकीदार, बांधकामावरचा बिगारी. याला दिवसाची मजुरी मिळते. पण महिन्याचे भाडे आणि अनामत रक्कम एकदम देता येत नाही. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कायमचे काम नाही. हे रहाटगाडगे आहे.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक हंगामी रूप आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांत भाताची कापणी झाली की हाताला काम राहत नाही. इकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना नेमकी त्याच वेळी माणसे लागतात: आधी ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या कामांना, नंतर जानेवारीपासून खुड्याला. म्हणून आदिवासी कुटुंबे पोराबाळांसह खाली उतरतात. पेठ नाक्यावर, दिंडोरी नाक्यावर पहाटे उभी राहतात. मुकादमाने नेले तर बागेवर, नाही नेले तर ती रात्र तिथेच. म्हणजे जे महिने थंडीचे, तेच महिने या लोकांच्या घर सोडण्याचे. हा योगायोग नव्हे. आपल्या पिकांच्या वेळापत्रकातच तो बसलेला आहे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, सिमेंटच्या नळांत, फलाटावर, देवळांच्या मांडवात राहणाऱ्यांची ती गणती होती. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक माणसे आढळली. एका रात्रीत केलेली ही मोजणी आहे. जो त्या रात्री कामावर होता, किंवा पोलिसांच्या भीतीने आडोशाला गेला होता, तो तीत कसा येणार?

आता माझी चूक सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक वयस्क सभासद, गोदामावरचा सुटा हमाल, जानेवारीतल्या एका सकाळी दुकानाच्या फळीवर मेलेला आढळला. कागदावर मृत्यूचे कारण काही वेगळेच लिहिले गेले. 'थंडी' असे कोणी लिहिले नाही. घरच्यांना कळवावे म्हणून मी आमचे पावतीपुस्तक काढले. नाव होते, वय होते, कामाची जागा होती. पत्त्याच्या रकान्यात आमच्याच कचेरीचा पत्ता होता, आणि अक्षर माझे होते. तीन वर्षे दरमहा मी त्याची वर्गणी घेत होतो. 'बाबा, तुम्ही निजता कुठे?' हे मी एकदाही विचारले नव्हते. वेतनवाढीच्या सभेत त्याने हात वर केला होता, मोर्च्यात तो चालला होता. तो सभासद होता, पण त्याच्या रात्रीशी आमचा संबंध नव्हता.

शरणपूर

रात्रीशी संबंध ठेवणारी माणसे मला ज्या वस्तीत भेटली, तिच्याविषयी आधी थोडे सांगावे लागेल. आपल्या शहरात शरणपूर रस्ता आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात. पण त्या नावाचा अर्थ मनात आणणारे थोडे. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी १८५४ च्या सुमारास नाशिकबाहेर ही वस्ती वसविली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख चालक. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी मुले इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडविली आणि मुंबईला उतरविली. त्यांतली पुष्कळ शरणपूरला आली. तेथे त्यांना निवारा मिळाला, अक्षर मिळाले आणि सुतारकी-लोहारकीसारखा हातचा धंदा मिळाला. डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाचा १८७३ साली मध्य आफ्रिकेत मृत्यू झाला. तेव्हा त्याच्या जवळ असलेल्यांत नाशकात शिकलेला जेकब वेनराइट होता. झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद त्याने कोरली, आणि शवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. पुढे १८७५ च्या सुमारास प्राइससाहेब मोंबासाला गेले, आणि शरणपूरची अनेक आफ्रिकी माणसे तेथल्या नव्या वस्तीत जाऊन राहिली.

या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. एक, नुसते छप्पर दिल्याने काम संपत नाही. हाताला धंदा द्यावा लागतो, हे शरणपूरच्या चालकांनी ओळखले होते. दुसरी गोष्ट त्यांच्या उणेपणाची. जेकब वेनराइट हे त्या मुलाला आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. सोडविलेल्या मुलांना नवी नावे देण्याची तेव्हा रीत होती. हेतू वाईट नव्हता. पण निवारा देणाऱ्याने निवारा घेणाऱ्याचे नाव पुसले. मदत करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मिशनरी असो, शेठ असो की युनियनवाला असो, हा मोह होतो. समोरच्या माणसाचे आधीचे आयुष्य जणू नव्हतेच, असे आपण धरतो.

रात्रीची फेरी

आता गेल्या काही हिवाळ्यांतली गोष्ट. आमच्या एका सभासदाचा मुलगा शरणपूर भागातल्या महाविद्यालयीन ख्रिस्ती मुलामुलींच्या एका छोट्या मंडळात जातो. आठवड्यातून एकदा जमावे, शास्त्र वाचावे, प्रार्थना करावी, असे ते मंडळ. अशी मंडळे काही नवी नाहीत. विद्यार्थ्यांच्या अशा चळवळींचा जागतिक संघ १८९५ साली स्वीडनमध्ये स्थापन झाला आणि हिंदुस्थानातील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळ १९१२ सालापासूनची आहे. नाताळाच्या आधी ही मुले घोंगड्या, स्वेटर, कानटोप्या गोळा करतात आणि रात्री अकरानंतर वाटावयास निघतात. त्या मुलाने मला विचारले, "काका, तुम्हांला नाके ठाऊक आहेत. येता का आमच्याबरोबर?"

मी गेलो तो खरे म्हणजे दोष काढावयास. घोंगडीवाटप ही मलमपट्टी आहे, असे मी जन्मभर सभेत सांगितलेले. शिवाय माझ्या मनात तोच प्रश्न होता जो आता तुमच्याही मनात आला असेल. मी सरळच विचारले, "यातून धर्मप्रसार करता का?" एक मुलगी म्हणाली, "काका, फेरीवर असताना धर्माचा शब्द काढायचा नाही, हा आमचा नियम आहे. ज्यांच्याकडे जायला आम्हांला सांगितलंय ते भुकेले, उघडे आणि परके लोक आहेत. त्यांचा धर्म विचारा असं काही सांगितलेलं नाही." मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात अखेरच्या न्यायाचा जो प्रसंग आहे, त्यात भुकेल्याला खाऊ घातले का, परक्याला घरात घेतले का, एवढीच विचारणा आहे, हे मी नंतर वाचून पाहिले. आमच्या गाडगेमहाराजांची शिकवण याहून निराळी नाही. नाशकात, पंढरपुरात आणि आळंदीत त्यांनी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र अंगावर चिंध्या घेऊन फिरले. देवाचे नाव कोणतेही असो, हिशेब एकच दिसतो.

पहिल्या रात्री त्या मुलांच्याही चुका दिसल्या. रामकुंडावर त्याच रात्री आणखी दोन मंडळींनी घोंगड्या वाटल्या होत्या. तेथे एकेकाजवळ दोन-दोन झाल्या आणि नाक्यांवर एकही पोहोचली नाही. सकाळी पाहतो तर दोघांनी घोंगडी विकलेली. मुले हिरमुसली. एक म्हणाला, "यांना किंमतच नाही." तेव्हा नाक्यावरच्या एका बिगाऱ्याने जे सांगितले ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "दादा, दिवसा ठेवू कुठं ती? कामावर नेली तर मुकादम घेत नाही. इथं ठेवली तर सांजच्याला राहत नाही. इकून वडापाव तरी खाल्ला."

घोंगडी होती, ती ठेवावयास कोनाडा नव्हता. घर म्हणजे निजावयाची जागा एवढेच आपण समजतो. पण वस्तू ठेवून निर्धास्त कामावर जाता येते, हे घराचे अर्धे काम आहे. मुलांनी हे ऐकून घेतले, आणि त्यांचे मोठेपण मला येथे दिसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका ओळखीच्या दुकानाची मागची खोली मिळविली. पांघरुणांना कापडी चिठ्ठ्या शिवून आकडे घातले. सकाळी सहाला जमा, रात्री आठला परत. पाटी, फावडे, थापी हीसुद्धा तेथे राहू लागली. त्या हिवाळ्यात तेथली घोंगडी विकल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती वही. चिठ्ठीवर आकडा घालावयाचा तर नाव लिहावेच लागते. "बाबा, नाव काय तुमचं? गाव कोणतं? आज काम लागलं का? कालचे पैसे मिळाले का?" असे विचारीत विचारीत वही भरली. कोणाची मजुरी मुकादमाने बुडविली होती, कोणाचे रेशनकार्ड गावी होते, कोणाला क्षयाचे औषध मध्येच सोडावे लागले होते. पहिल्या पानावर नुसती नावे होती. दहाव्या पानापर्यंत मागण्यांची यादी तयार झाली होती. जे मी तीस वर्षांच्या पावतीपुस्तकात केले नाही, ते विशी-बाविशीच्या मुलांनी एका हिवाळ्यात केले.

पाहणाऱ्यांपासून कायद्यापर्यंत

असे पूर्वी मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. लंडनच्या पूर्व भागात सॅम्युएल बार्नेट नावाचे एक धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी गरिबांना वर्गणी पाठविण्यापेक्षा गरिबांच्या शेजारी येऊन राहावे, असे त्यांनी मांडले आणि १८८४ साली टॉयन्बी हॉल ही वास्तू उभी राहिली. तेथे राहून काम केलेल्यांत विल्यम बेव्हरिज होते आणि क्लेमंट अ‍ॅटलीही होते. एकाने १९४२ साली इंग्लंडच्या सामाजिक विम्याचा आराखडा लिहिला. दुसऱ्याने १९४५ नंतर पंतप्रधान म्हणून तो अमलात आणला. तरुणपणी गल्लीत पाहिलेले दारिद्र्य त्यांच्या मागे कायद्याच्या मेजापर्यंत गेले, असे मला वाटते.

आपल्या मुंबईतही हे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्याच्या कामकरी वस्तीत नेबरहुड हाउस सुरू केले. दवाखाना, वर्ग, व्याख्याने, खेळ असे सर्व जातीधर्मांच्या शेजाऱ्यांसाठी तेथे चाले. पण काम करताकरता असे ध्यानात आले की चांगले मन पुरत नाही. समाजसेवेचेही शिक्षण लागते. म्हणून १९३६ साली त्याच वास्तूत सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. याच संस्थेने २००६ साली 'कोशिश' नावाचा उपक्रम सुरू केला आणि भिक्षेकरी गृहांत डांबलेल्या व रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचा प्रश्न हाती घेतला. ख्रिस्ती सेवाभावातून निघालेले एक शेजारघर, त्यातून शाळा, शाळेतून संस्था, आणि संस्था पुन्हा रस्त्यावरच्या माणसाकडे, असा हा ऐंशी वर्षांचा प्रवास आहे.

हक्काचा निवारा

कायदा बेघराकडे दोन डोळ्यांनी पाहत आला आहे. एक डोळा १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याचा. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भटकतो आहे, एवढ्यावरून माणसाला पकडण्याची सोय त्याने केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. दुसरा डोळा सर्वोच्च न्यायालयाचा. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने म्हटले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पदपथ कायम व्यापण्याचा हक्क त्या निकालाने दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पुढे डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत भर थंडीत एक रात्रनिवारा पाडण्यात आला. त्यावर ओरड झाली, आणि २०१० च्या आरंभी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. पाच लाखांहून मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा, असे प्रमाण त्यातून पुढे आले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असे माप घातले गेले. नाशिक शहराची वस्ती २०११ च्या गणनेत १४ लाख ८६ हजार होती. त्या हिशेबानेही चौदा-पंधरा निवारे आणि दीड हजार माणसांची सोय व्हावयास पाहिजे. आपल्या प्रभागात निवारा कोठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, ते प्रत्येकाने मनाशी विचारावे.

काही वेळा निवारा असतो आणि तरी माणूस बाहेर निजतो. मग आपण म्हणतो, त्याला सवयच आहे. कारणे विचारली तर सरळ असतात. निवारा नाक्यापासून लांब असतो आणि पहाटे सहाला नाक्यावर उभे राहिले नाही तर काम जाते. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे अशी ताटातूट होते. हातगाडी आत घेता येत नाही. रात्रपाळीवाल्याला दिवसा निजू देत नाहीत. दारावर ओळखपत्र मागतात. यांतले प्रत्येक कारण दूर करण्यासारखे आहे. पण निजणाऱ्याला विचारल्यावाचून ते कळत नाही.

येथे वहीचे महत्त्व आहे. आमच्या चळवळीचा अनुभव सांगतो. १९६९ पूर्वी पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला मालक नव्हता. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. त्या वर्षी माथाडी कायदा झाला. हमालाची मंडळाकडे नोंद होऊ लागली आणि मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा हे शब्द त्याच्या वाट्याला आले. ओझे तेच, पाठ तीच. वहीत नाव आले एवढा फरक. बांधकाम कामगाराचेही तसेच. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला तर कल्याणकारी मंडळात त्याची नोंद होऊ शकते. पण हा दाखला मिळवून देणारा, अर्ज भरणारा, पत्त्याची अडचण सोडविणारा कोणी त्याच्याजवळ असावा लागतो.

आपण काय करावे

म्हणून माझी विनंती थोडक्यात अशी. घोंगड्या अवश्य द्याव्यात. पण शहरातल्या मंडळांनी ऑक्टोबरात एकत्र बसून जागा वाटून घ्याव्यात. खाली अंथरावयाचे आधी, पांघरावयाचे नंतर. ज्याच्याकडे दुकान, वाडा, देवळाची वा चर्चची रिकामी खोली आहे, त्याने बेघरांचे सामान ठेवण्यासाठी एक कोपरा द्यावा. याला पैसा फारसा लागत नाही. निजलेल्या माणसाची छायाचित्रे काढू नयेत. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना रात्रीच्या मोजणीला शिकवून पाठवावे आणि ती मोजणी महानगरपालिकेपुढे ठेवावी. युनियनांनी आपल्या पावतीपुस्तकातला पत्त्याचा रकाना उघडून पाहावा. आम्ही तो पाहिला. ज्यांच्या नावापुढे आमच्या कचेरीचा पत्ता होता असे आणखी अकरा सभासद निघाले. त्यांतल्या सात जणांनी मिळून भाड्याची खोली घेतली आहे. अनामत रकमेची उसनवारी युनियनने केली आणि ती हप्त्याने परत येत आहे. चौघांचे अजून जमलेले नाही. पुढच्या हिवाळ्याच्या आत ते जमवावयाचे आहे.

त्या विद्यार्थ्यांशी माझे सर्व गोष्टींत जुळते असे नाही. ते प्रार्थना करून निघतात. मी तेवढा वेळ बाहेर विडी ओढीत उभा राहतो. देवाच्या दारी न्याय मिळेल असे त्यांना वाटते, आणि कामगार न्यायालयाच्या दारीही तो सहज मिळत नाही असा माझा अनुभव. पण रात्री अकराला, जेव्हा माझ्यासारखे कार्यकर्ते भाषणे संपवून अंथरुणात शिरलेले असतात, तेव्हा ती मुले नाक्यावर वाकून एका म्हाताऱ्याला नाव विचारीत असतात. त्यांच्याकडून मी हे पन्नाशीनंतर शिकलो. आपणांस इतका उशीर होऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.